शुल्कनामावली आणि शोभेची वस्त्रे : वर्गीकरणाच्या भाषेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

सीमाशुल्काची अनुसूची हा सामान्यतः दलाल, वकील आणि अधिकारी यांच्यापुरता मर्यादित असलेला मजकूर मानला जातो. वाङ्मयाच्या किंवा संस्कृतीच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे, असे तिच्यात वरकरणी काही दिसत नाही. तथापि जगातील बहुतेक व्यापार ज्या एका नामावलीच्या आधारे चालतो, ती नामावली वस्तूंना नावे देते, त्यांच्यात श्रेणी लावते आणि कोणत्या वस्तूला स्वतंत्र ओळख द्यावयाची व कोणती ‘इतर’ या सदरात टाकावयाची, हे ठरवते. नाव देणे हे केवळ नोंदीचे काम नसून त्यामागे एक दृष्टी असते. म्हणून शुल्कनामावलीचे वाचन एक सांस्कृतिक संहिता म्हणूनही करता येते.

प्रस्तुत लेखात शोभेच्या वस्त्रांच्या वर्गीकरणाची चिकित्सा केली आहे. शोभेची वस्त्रे म्हणजे येथे चित्रवस्त्रे, भरतकाम, जरीकाम, झालरी, गोंडे, तोरणे, गालिचे, उशांचे अभ्रे आणि सणासाठी तयार होणारे कापडी साहित्य असा व्यापक अर्थ अभिप्रेत आहे. ही नामावली कापडाचे वजन, रूप आणि उपयोग यांचे सूक्ष्म मोजमाप करते. परंतु अलंकरणाला ती स्वतंत्र मूल्य क्वचितच देते, आणि जेथे देते तेथे ते जुन्या युरोपीय बाजारपेठेच्या स्मृतीवर आधारलेले असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नामावलीची रचना

आज प्रचलित असलेली सुसंवादी नामावली ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या आधिपत्याखाली तयार झाली. तिचा आंतरराष्ट्रीय करार १९८३ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. नामावलीचे २१ विभाग असून प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात. प्रत्येक वस्तूला सहा अंकी संकेतांक असतो. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पुढील दोन शीर्षाचे आणि शेवटचे दोन उपशीर्षाचे. सहा अंकांपर्यंतची रचना सर्व सदस्य देशांना बंधनकारक आहे. त्यापुढील अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारताने सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ याच्या पहिल्या अनुसूचीत २००३ पासून आठ अंकी संकेतांक स्वीकारले आहेत.

वस्त्रांचा विभाग अकरावा. त्यात ५० ते ६३ ही प्रकरणे येतात. या विभागाचा पाया द्रव्य हा आहे. आधी रेशीम, मग लोकर, मग कापूस, नंतर कृत्रिम धागे अशी प्रकरणांची मांडणी आहे. मिश्र धाग्यांच्या कापडात ज्या धाग्याचे वजन सर्वाधिक, त्या धाग्याचे ते कापड, असा विभागाचा मूलभूत नियम आहे. त्याखेरीज संपूर्ण नामावलीसाठी अर्थनिर्णयाचे सहा सामान्य नियम आहेत. त्यांपैकी तिसऱ्या नियमानुसार एकच वस्तू दोन शीर्षांत बसत असेल, तर अधिक नेमके वर्णन करणारे शीर्ष ग्राह्य धरावे. त्याने निर्णय होत नसेल, तर वस्तूला तिचे मूळ स्वरूप देणारा घटक पाहावा. तेही शक्य नसेल, तर क्रमाने शेवटी येणारे शीर्ष घ्यावे. या नियमांत एक शिस्त आहे. एखाद्या टीकाकाराने संहितेचा अर्थ लावताना शब्द, संदर्भ आणि रचना यांचा क्रम पाळावा, तसाच हा क्रम आहे.

‘शोभा’ या गुणाला मात्र वस्त्रविभागात स्वतंत्र स्थान नाही. शोभेच्या वस्तूंचे शीर्ष अशी एकच जागा कोठेही आढळत नाही. अलंकरणाशी सर्वांत जवळचे असे ५८वे प्रकरण मखमल, लेस, चित्रवस्त्र, किनारी, जरीचे विणकाम आणि भरतकाम यांना एकत्र आणते. पण तेही ‘विशेष विणीचे कापड’ अशाच नावाखाली.

चार युरोपीय नावे आणि पैठणी

५८०५ हे शीर्ष हाताने विणलेल्या चित्रवस्त्रांचे आहे. त्याच्या शब्दयोजनेत गोबेलँ, फ्लँडर्स, ओब्युसाँ आणि बोव्हे ही चार नावे येतात आणि त्यानंतर ‘व तत्सम’ असा शब्दप्रयोग येतो. यांपैकी फ्लँडर्स हा प्रदेश आहे. बाकीची तीन नावे फ्रान्समधील विणकामाच्या केंद्रांची आहेत. चौदाव्या लुईच्या काळात त्याचा मंत्री कोल्बेर याने पॅरिसमधील गोबेलँचा कारखाना १६६२ मध्ये राजाश्रयाखाली आणला, बोव्हेचा कारखाना १६६४ मध्ये स्थापन झाला आणि ओब्युसाँच्या विणकरांना १६६५ मध्ये राजमान्यता मिळाली. याच कोल्बेरने १६६४ आणि १६६७ मध्ये फ्रान्सचे संरक्षक जकातदरही लागू केले. स्वदेशी कारखाना उभा करणे आणि परदेशी मालावर जकात बसवणे ही एकाच धोरणाची दोन अंगे होती. त्यामुळे त्याच्या कारखान्यांची नावे तीन शतकांनंतर जगाच्या शुल्कनामावलीत स्थिरावली, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही.

या शीर्षाशेजारी महाराष्ट्रातील पैठणी ठेवून पाहिल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पैठण आणि येवला येथील पारंपरिक पैठणीचा पदर आणि काठ ज्या पद्धतीने विणले जातात, ती चित्रवस्त्राचीच पद्धत होय. बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. आकृतीच्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी कांडी असते. तो रंग आपल्या हद्दीपुरता विणला जातो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे फिरवला जातो. म्हणूनच अस्सल पैठणीचा मोर पुढून आणि मागून सारखा दिसतो. गोबेलँच्या मागावरही आकृती याच तत्त्वाने उभी राहते. दोहोंत भेद नाही असे नाही. युरोपीय चित्रवस्त्रात ताणा बाण्याखाली पूर्णपणे झाकला जातो आणि वस्त्र भिंतीसाठी असते. पैठणीचे अंग तलम असते आणि ती नेसण्यासाठी असते. तेव्हा पैठणी ५८०५ मध्ये हलवावी, अशी मागणी येथे अभिप्रेत नाही. लक्षात घ्यावयाची बाब एवढीच की, एका परंपरेचे तंत्र तिच्या गावांच्या नावाने ओळखले जाते, तर दुसऱ्या परंपरेचे तेच तंत्र नामावलीला दिसतही नाही.

पैठणीचे वर्गीकरण तराजूवर ठरते. ती रेशमी कापड म्हणून ५००७ या शीर्षात येते. त्यातही रेशमाचे वजन ८५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर एक उपशीर्ष, कमी असेल तर ‘इतर’. जरीचा धागा ५६०५ या शीर्षातील धातुयुक्त सूत म्हणून एकच वस्त्रद्रव्य गणला जातो आणि त्याच्या सर्व घटकांचे वजन एकत्र धरले जाते. परिणामी पदर जितका भरजरी, तितकी ती साडी ‘रेशमी’ या ओळखीपासून दूर सरकते. जरीचे वजन रेशमाहून अधिक भरल्यास तर तिचा विचार धातुयुक्त सुताच्या कापडांसाठी असलेल्या ५८०९ या शीर्षात करावा लागेल. विणकराने ओतलेले कौशल्य ज्या पदरात सर्वाधिक असते, तोच पदर तिला रेशमाच्या पहिल्या श्रेणीतून बाहेर काढतो. वजनाच्या नियमाला कौशल्य कळत नाही, हे यातून दिसते.

नामावलीला पूर्वेकडील नावांचे वावडे आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ५७व्या प्रकरणात हाताने विणलेल्या सतरंज्यांसाठी ‘केलिम’, ‘शुमाक’ आणि ‘करमानी’ ही नावे सहा अंकी पातळीवरच आली आहेत. युरोपातील दिवाणखान्यात जे विणकाम दीर्घकाळ पोहोचले, ते नावानिशी नोंदले गेले. म्हणजे निकष वंशाचा किंवा धर्माचा नसून ओळखीच्या बाजारपेठेचा आहे.

एकाच टाक्याचे पाच पत्ते

भरतकामाची स्थिती याहून वेगळी आहे. ५८१० हे शीर्ष ठाण, पट्टी किंवा सुट्या नक्षीच्या रूपातील भरतकामाचे आहे. प्रकरणाच्या टिपेनुसार धातूच्या किंवा काचेच्या धाग्याचे काम, तसेच टिकल्या, मणी व अन्य शोभेच्या तुकड्यांचे शिवलेले काम यांचाही भरतकामात समावेश होतो. ही व्याख्या उदार आहे. आरशांचे तुकडे आणि कवड्या शिवून केलेला बंजारा कशिदाही तिच्या कक्षेत सहज येऊ शकतो.

परंतु ही ओळख कशिदा सुटा असेपर्यंतच टिकते. बंजारा स्त्रीने भरलेली पट्टी तशीच निर्यात झाली तर ती ५८१० मध्ये जाते. तिचे तोरण किंवा उशीचा रिकामा अभ्रा केला तर ती गृहसजावटीच्या वस्तूंच्या ६३०४ या शीर्षात जाते. त्याच अभ्र्यात कापूस भरला की ती वस्त्रविभागच सोडून ९४०४ या शीर्षात, म्हणजे फर्निचरच्या प्रकरणात दाखल होते. तिची खांद्यावरची पिशवी केली तर ४२०२ या शीर्षात ती चामड्याच्या वस्तूंच्या शेजारी बसते. पोशाखावर शिवली तर तो पोशाख ६२व्या प्रकरणातील होतो. टाका तोच, हात तोच, मोलाचा भागही बहुतांशी तोच. पत्ते मात्र पाच.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. संकेतांक बदलला की आयात करणाऱ्या देशातील शुल्कदर बदलतो आणि निर्यातदाराला मिळणारा शुल्क-परतावाही बदलतो. भारताने २०१९ मध्ये राज्य व केंद्राचे कर परत देणारी जी योजना वस्त्रोद्योगासाठी आणली, ती ६१ ते ६३ या प्रकरणांतील पोशाख आणि तयार वस्तूंपुरती आखली होती. म्हणजे त्याच कशिद्याचा रिकामा अभ्रा तिच्या कक्षेत येतो आणि सुटी पट्टी किंवा भरलेली उशी येत नाही. याशिवाय व्यापाराची आकडेवारी संकेतांकांवरच उभी असल्याने पाच ठिकाणी विखुरलेला कशिदा एक कला म्हणून कोणत्याही तक्त्यात एकत्र दिसत नाही. जे तक्त्यात दिसत नाही, त्यासाठी धोरण आखणेही अवघड होते.

सणांची श्रेणी

९५०५ हे शीर्ष सण, कार्निव्हल व करमणूक यांच्या साहित्याचे आहे. सहा अंकी पातळीवर त्याचे दोनच भाग आहेत : एक नाताळच्या साहित्याचा आणि दुसरा ‘इतर’. जगातील असंख्य सणांपैकी केवळ एका सणाला नाव आहे. दिवाळी, ईद, चिनी नववर्ष आणि हॅलोवीन हे सर्व ‘इतर’ मध्ये आहेत. भारतीय अनुसूचीने या ‘इतर’ चे विभाजन केले, तेव्हाही जादूच्या प्रयोगांच्या साहित्याला स्वतंत्र ओळ मिळाली, दिवाळीला नाही.

या शीर्षाची सीमा अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेली. नाताळ, हॅलोवीन आदी सणांच्या चिन्हांनी सजवलेली मेजवस्त्रे आणि गालिचे ही सणाची वस्तू की केवळ कापड, हा ‘पार्क बी. स्मिथ’ खटल्याचा विषय होता. २००३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सणाचे स्पष्ट चिन्ह असलेल्या अशा वस्तूंना ९५०५ ची दारे खुली केली. सणाच्या वस्तूंवर शुल्क नसल्याने या निर्णयाला आर्थिक मोल होते. पुढे २००७ च्या आवृत्तीत ९५व्या प्रकरणाला एक टीप जोडली गेली. मेजवस्त्रे, पलंगपोस, गालिचे, पोशाख यांसारख्या उपयोगी वस्तू या प्रकरणातून वगळल्या गेल्या आणि त्यांचे वर्गीकरण पुन्हा द्रव्यावर गेले. कापडी पताकाही टिपेनेच बाहेर ठेवल्या असून त्या ६३व्या प्रकरणात जातात.

उपयोग आणि उत्सव यांच्यात असा काटेकोर भेद करणे भारतीय व्यवहाराला परके आहे. तोरण दार सजवते आणि मंगलाची सूचनाही देते. देवापुढील आसन, कलशाखालचे वस्त्र, आरतीच्या तबकावरचा भरलेला रुमाल या वस्तू वापराच्याच असतात आणि वापरामुळेच त्यांना पावित्र्य येते. उपयोगी असेल तर सणाची नाही, ही नामावलीची तर्करीत त्यांना लागू करताना वस्तूचा अर्धा अर्थ गळून पडतो.

सौंदर्याचे मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

नामावलीच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे आणि त्याचा विचार न करता केलेली टीका अपुरी ठरेल. बंदरावरील अधिकाऱ्याला थोड्या वेळात असंख्य नगांचा निर्णय करावयाचा असतो. तो धागा तपासू शकतो, वजन करू शकतो, शिवण पाहू शकतो. सौंदर्याचा निवाडा त्याच्यावर सोपवला तर निर्णय लहरी होतील. शिल्पकार ब्रँकुशी याचे ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प १९२६ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते कलाकृती नसून धातूची वस्तू आहे असे ठरवून त्यावर ४० टक्के शुल्क आकारण्यात आले. १९२८ मध्ये न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निर्णय दिला. पण तोपर्यंत कला म्हणजे काय यावर साक्षीपुरावे झाले होते. प्रत्येक गाठोड्यासाठी असा खटला चालवणे शक्य नाही.

तथापि या युक्तिवादातून अलंकरणाला कोणताच निकष देता येत नाही, असा निष्कर्ष निघत नाही. राज्यसंस्थांनी इच्छा झाली तेव्हा असे निकष शब्दांत मांडले आहेत. अमेरिकेच्या अनुसूचीत ५८०५ खाली केवळ भिंतीवर टांगण्यासच योग्य आणि प्रति चौरस मीटर २१५ डॉलरहून अधिक किमतीच्या चित्रवस्त्रांची वेगळी ओळ आहे. तेथे कलेची खूण दुहेरी आहे : अन्य उपयोगाचा अभाव आणि मोठी किंमत. युरोपीय संघाच्या २००६ च्या मूल्यवर्धित करविषयक निर्देशानुसार कलावंताच्या मूळ रेखाटनावरून हाताने केलेली चित्रवस्त्रे व भिंतीवरील वस्त्रे, प्रत्येकाच्या प्रती आठहून अधिक नसल्यास, कलाकृती मानली जातात. म्हणजे तेथे एकच चित्रवस्त्र शुल्कनामावलीत कापड आणि करकायद्यात कलाकृती असते.

भारतातही असा निकष अस्तित्वात आहे. वस्तू व सेवा कराखाली २०१८ मध्ये निघालेल्या अधिसूचनेत हस्तकलेची व्याख्या दिली आहे. अवजारे वा यंत्रे काही प्रमाणात वापरली असली तरी वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी. तिच्यात भरीव स्वरूपाचे अलंकरण असावे. आणि तिची वैशिष्ट्ये सौंदर्याची, कलेची वा सांस्कृतिक परंपरेची असून यंत्रनिर्मित वस्तूहून ती स्पष्टपणे वेगळी असावी, असा तिचा आशय आहे. अमेरिकन निकष निरुपयोगाला मान देतो आणि युरोपीय निकष कलावंताच्या नावाला. भारतीय व्याख्या हाताला आणि परंपरेला मान देते. वापराची वस्तूही तिच्या दृष्टीने कला असू शकते. ही व्याख्या भारतीय वस्तुसंस्कृतीशी अधिक सुसंगत आहे. मात्र ती देशांतर्गत करापुरती राहिली आणि निर्यातीच्या संकेतांकांपर्यंत पोहोचली नाही.

शेवटच्या दोन अंकांचे स्वातंत्र्य

सहा अंकांची रचना बदलणे एका देशाच्या हाती नाही. तिच्या आवृत्त्या काही वर्षांच्या अंतराने निघतात. २०२२ नंतरची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हावयाची आहे. शेवटचे दोन अंक मात्र भारताचे आहेत, आणि त्यांचा उपयोग कसा झाला हे उद्बोधक आहे. ५२व्या प्रकरणात धोती, लुंगी, साडी, जरीकाठी साडी या नोंदी आहेत. ५८व्या प्रकरणात साडीचा फॉल आणि जरीचे काठ यांनाही जागा मिळाली आहे. त्याच ५२व्या प्रकरणात ‘रिअल मद्रास हँडकरचिफ’ आणि ‘ब्लीडिंग मद्रास’ ही नावे आढळतात. पहिले कापड कोरोमंडल किनाऱ्यावरून पश्चिम आफ्रिकेच्या बाजारात जात असे. दुसऱ्याला रंग उतरण्याच्या गुणामुळे १९६०च्या दशकात अमेरिकेत मागणी आली. ही दोन्ही नावे गिऱ्हाइकाने ठेवलेली आहेत. विणकराने स्वतः दिलेले नाव, उदाहरणार्थ पैठणी, या अनुसूचीत आढळत नाही.

वास्तविक त्यासाठी कायदेशीर आधार तयार आहे. वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून अमलात आला. पैठणीला त्याखाली नोंदणी मिळालेली आहे. एका कायद्याने जे नाव संरक्षित केले, ते दुसऱ्या कायद्याच्या अनुसूचीत अज्ञात राहावे, ही विसंगती आहे. ती दूर करता येते याचे उदाहरणही घडले आहे. २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या तांदळासाठी सीमाशुल्क अनुसूचीत स्वतंत्र ओळी निर्माण करण्यात आल्या. तांदळाच्या बाबतीत जे शक्य झाले, ते वस्त्राच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही. नोंदणीकृत वापरकर्त्याचा दाखला हा पुरावा म्हणून पुरेसा असल्याने अधिकाऱ्याला सौंदर्याचा निवाडाही करावा लागणार नाही.

अशा ओळीने शुल्कदर आपोआप कमी होणार नाही आणि परदेशातील बंदरावर भारताचे शेवटचे दोन अंक कोणी वाचणारही नाही, हे मान्य केले पाहिजे. शिवाय नावाचा गैरवापर करून यंत्रमागावरील नक्कल त्याच ओळीत घुसण्याचा धोका राहतो. तरीही आपल्याच आकडेवारीत एखाद्या विणकामाची निर्यात किती, कोठे आणि कोणत्या दराने होते, हे प्रथमच स्वतंत्रपणे कळू शकेल. येवल्याच्या विणकरासाठी योजना आखताना ‘रेशमी कापड, इतर’ या आकड्यावरून अनुमान काढावे लागणार नाही.

निष्कर्ष

१. शुल्कनामावलीतील वस्त्रांचे वर्गीकरण प्रामुख्याने द्रव्य, वजन, रूप आणि उपयोग यांवर उभे आहे. अलंकरण हा त्यात निर्णायक गुण क्वचितच ठरतो.

२. ज्या ठिकाणी परंपरेचे नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर नोंदले गेले, तेथे युरोपीय राजाश्रय आणि युरोपीय बाजारपेठ यांचा इतिहास कारणीभूत आहे. तंत्रातील साम्य अशा नोंदीला पुरेसे ठरलेले नाही.

३. उपयोग आणि उत्सव, तसेच उपयोग आणि कला, यांना परस्परविरोधी मानणारी नामावलीची रीत भारतीय शोभेच्या वस्त्रांना न्याय देऊ शकत नाही.

४. सौंदर्याचा निवाडा टाळूनही हस्तकौशल्य ओळखता येते, हे भारताच्या स्वतःच्या हस्तकला-व्याख्येवरून आणि भौगोलिक मानांकनाच्या व्यवस्थेवरून सिद्ध होते.

५. आठ अंकी संकेतांकातील शेवटचे दोन अंक हे भारताला उपलब्ध असलेले नाव देण्याचे क्षेत्र आहे. त्याचा वापर आजवर गिऱ्हाइकाच्या भाषेत अधिक झाला. तो विणकराच्या भाषेत होणे आवश्यक आहे.